विलायतेतली विद्या आणि आपली मराठी



पेसाहच्या आधी माझी नात तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आपल्या समाजावरचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन घरी आली. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ बसून तिनं त्यातली सणांची जुनी नावं मोठ्यानं वाचायला घेतली. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण ही तिनं कशीबशी वाचली. पेसाहच्या नावावर मात्र ती अडली. "आजी, अनाशी ढाकाचा सण म्हणजे काय? ढाका म्हणजे बांगलादेशातलं ढाका का?"

मला हसू आलं. मग तिला सांगितलं, "नाही गं बाई. ढाकणं म्हणजे झाकणं. आंबट चटणीचं भांडं असायचं, ते पेसाहात झाकून बाजूला ठेवायचे, म्हणून तो अनाशी ढाकाचा सण. माझी आजी असंच म्हणायची."

नात म्हणाली, "पुस्तकात अर्थ दिलाय, पण असं कुणी बोलताना ऐकलं की पटतं."

तिच्या त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होते. गेल्या जवळजवळ दोनशे वर्षांत इंग्लंड-स्कॉटलंडच्या विद्वानांनी आपल्या समाजाबद्दल पुष्कळ लिहिलं, आणि आपलीही माणसं इथे येऊन मोठी विद्या शिकून गेली. आपल्यापैकी जे आज या देशात म्हातारे झाले, त्यांच्या घरातली मुलं हाच इतिहास आता पुस्तकांतून वाचतात आणि मग आपल्याला विचारतात, "हे खरं आहे का?" उत्तर देण्यासाठी विद्वान काय म्हणतात हे आपल्यालाही थोडं ठाऊक हवं. म्हणून शिक्षण, धर्मविचार, साहित्य आणि कला या चार विषयांत विलायत आणि बेने इस्रायल यांचा संबंध कसा आला, ते या लेखात साध्या भाषेत मांडते आहे.

विल्सनसाहेबांचं व्याकरण

सुरुवात एका स्कॉटिश मिशनऱ्यापासून करायला हवी. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. ते मराठी शिकले, आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रू भाषेचं व्याकरण प्रसिद्ध केलं. हे पुस्तक मुख्यतः आपल्या लोकांसाठी होतं. पुढे त्यांनी 'बेनी इस्रायल' समाजावर व्याख्यान देऊन तेही छापलं.

त्यांचा हेतू काही लपलेला नव्हता. यहुदी लोकांना त्यांचंच शास्त्र मूळ भाषेत वाचता आलं, की ते ख्रिस्ती धर्माकडे वळतील, असा त्या काळच्या मिशनऱ्यांचा हिशेब होता. मात्र तो हिशेब साफ चुकला. कोकणातल्या तेलाच्या घाण्यांवर राबणाऱ्या आपल्या पूर्वजांनी शेमा, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम जपले होते. तोरा वाचून अर्थ लावण्याइतकी हिब्रू मात्र फार थोड्यांना येत होती. मिशनऱ्यांच्या शाळेत मुलं हिब्रू शिकली, घरी आली आणि बापाशेजारी बसून तोरा वाचू लागली. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीचे पूर्वीपेक्षा पक्के यहुदी झाले. मिशनऱ्यांनी शिडी दिली, आपली माणसं तीच शिडी घेऊन आपल्याच माळ्यावर चढली.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं. त्याची घडी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बसवली होती. तिथे हिब्रू हाही परीक्षेचा विषय झाला. त्यामुळे हिब्रूला प्रार्थनेच्या भाषेबरोबर पदवीच्या भाषेचाही मान मिळाला. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे या पिढीतलं सर्वांत मोठं नाव. डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे ते अनेक वर्षं मुख्याध्यापक होते आणि विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही होते. तेफिलांची कितीतरी पुस्तकं त्यांनी मराठीत आणली. आपल्या आजी-आजोबांच्या हातात जी हिब्रू-मराठी तेफिला होती, ती या माणसाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या कष्टाचं फळ.

शाळा, आणि शाळेसाठी लंडनची मदत

हाईम सामुएल केहिमकर यांचं नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. १८७५ साली त्यांच्या पुढाकारानं मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा या नावानं ओळखली जाऊ लागली. शाळा काढली खरी, पण पैसा कुठून आणणार? लंडनला १८७१ साली अँग्लो-ज्युइश असोसिएशन नावाची संस्था स्थापन झाली होती. जगभरच्या गरजू यहुदी समाजांना शिक्षणासाठी मदत करणं हे तिचं एक काम होतं. या शाळेलाही तिची मदत मिळाली. केहिमकरांनी १८९२ साली समाजाच्या इतिहासाची एक छोटी रूपरेषा इंग्रजीत छापली, आणि तिच्या शीर्षकातच शिक्षणासाठी आवाहन जोडलेलं होतं. म्हणजे आमचा इतिहास वाचा आणि आमच्या मुलांना शिकवायला हातभार लावा, असं दोन्ही एकाच पुस्तकात. आपल्या माणसानं आपला इतिहास इंग्रजीत लिहिला, त्यामागे शाळेच्या फीची चिंता होती, हे नातवंडांना जरूर सांगावं.

केहिमकरांचा मोठा इतिहासग्रंथ १८९७ साली लिहून तयार होता. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून राहिलं आणि लेखकाला पुस्तक पाहायला मिळालं नाही. आज जगातला कुठलाही विद्वान बेने इस्रायलांवर लिहायला बसला की त्याला या ग्रंथापासूनच सुरुवात करावी लागते. ते हस्तलिखित मधल्या काळात कुणी रद्दीत टाकलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहा.

त्याच शाळेला पुढे रेबेका रुबेन यांच्यासारख्या मुख्याध्यापिका लाभल्या. १८८९ चा त्यांचा जन्म. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत सर्व मुलामुलींमध्ये त्या पहिल्या आल्या. मुलींनी शाळेत जावं की नाही यावर ज्या काळात घराघरांत वाद व्हायचे, त्या काळातली ही गोष्ट. नंतर त्या इंग्लंडला येऊन शिकल्या, परत गेल्या, आणि १९२२ पासून त्यांनी इस्रायली शाळेची धुरा घेतली. १९१७ च्या सुमारास 'बेने इस्रायल अॅन्युअल अँड इयर बुक' हे वार्षिकही त्यांनी संपादित केलं. विलायतेची विद्या आपल्या समाजाच्या शाळेत आणून ओतणारी ही बाई होती. माझ्या वयाच्या वाचकांपैकी काहींच्या आया, मावश्या त्यांच्या हाताखाली शिकल्या असतील.

डॉक्टर झिराड आणि धर्माचा नवा विचार

आता धर्मविचाराकडे येऊ. हा विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही.

डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या लंडनला आल्या आणि १९१९ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम. डी. मिळवली. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख झाल्या. १९६६ साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. त्या लंडनहून वैद्यकाच्या पदवीबरोबर एक धार्मिक विचारही घेऊन आल्या. त्याविषयी फार कमी बोललं जातं.

लंडनमध्ये १९०२ साली लिली माँटेग्यू आणि क्लॉड माँटेफिओरे यांनी ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली होती. तिथून इंग्लंडमधला लिबरल ज्युडाइझम वाढला. माँटेफिओरे हे मोठे विद्वान होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देवाचं प्रकटीकरण सिनाई पर्वतावर एकदाच होऊन संपलं नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. नवियांनी सांगितलेला न्याय आणि दया हा धर्माचा गाभा आहे. विधी आणि नियम प्रत्येक पिढीनं बुद्धीनं पारखून पाळावेत. तेफिला माणसाला कळेल अशा भाषेतही व्हावी, आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीचं स्थान असावं. लिली माँटेग्यू स्वतः उपदेश करत. १९१८ साली इंग्लंडच्या यहुदी प्रार्थनालयात एका बाईनं उपदेश करणं ही केवढी मोठी गोष्ट होती!

झिराडबाईंनी हे जवळून पाहिलं आणि त्यांना ते पटलं. १९२५ साली त्यांच्या पुढाकारानं मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन उभी राहिली. तिचंच प्रार्थनालय म्हणजे रोदेफ शालोम. तिथे स्त्रीपुरुष एकत्र बसत.

अर्थात वाद झाला. तो का झाला हे नातवंडांना समजावून सांगताना एक चूक आपण करतो. आपण म्हणतो, "जुने लोक कर्मठ होते, नवे लोक सुधारक होते." इतकं सोपं ते नव्हतं. जुन्या बाजूचं म्हणणं असं होतं: "आपण जगापासून तुटून शेकडो वर्षं कोकणात राहिलो. आपल्याजवळ पुस्तक नव्हतं, रब्बी नव्हता. टिकलो ते नियमांमुळे. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावानं आपल्याला शनिवार तेली म्हटलं. नियमच सैल केले तर आपली ओळख कशानं राहायची?" या प्रश्नात वजन आहे. दुसरी बाजू म्हणे, "आता मुलं कॉलेजात शिकतात. अर्थ न कळता ओठ हलवून ती टिकणार नाहीत." त्यातही वजन आहे.

आणखी एक गोष्ट. मातृभाषेत तेफिला समजावी हा विचार काही फक्त लंडनच्या लिबरल मंडळींचा नव्हता. राजपूरकरांनी मराठी भाषांतरं केली ती कितीतरी आधी, आणि जुन्या रीतीच्याच लोकांसाठी. १८८० च्या सुमारास आपल्याकडे कीर्तनं सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी चालींवर, टाळ-पेटीच्या साथीनं बायकापोरांना सांगितल्या जात. म्हणजे मराठीतून धर्म समजावण्याची वाट आपण आपल्याच पायांनी चालत होतो. लंडनचा विचार त्या वाटेवर नंतर येऊन मिळाला.

निसीम इझिकेल: तळघरातला कवी

साहित्यात आपलं सर्वांत मोठं नाव निसीम इझिकेल. जन्म १६ डिसेंबर १९२४, मुंबई. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. आई शाळा चालवत. स्वतः विल्सन कॉलेजातून एम. ए. म्हणजे पुन्हा ते विल्सनसाहेब आलेच.

१९४८ साली ते लंडनला आले. प्रवासाचा खर्च त्यांचे मित्र इब्राहिम अल्काझी यांनी केला. लंडनमध्ये ते बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत. या कॉलेजाची खासियत आपल्या लोकांना आवडेल अशी आहे. १८२३ साली कारागिरांसाठी सुरू झालेल्या संस्थेतून ते उभं राहिलं, आणि दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. आपल्यापैकी कितीतरी जण इथे येऊन असेच शिकले. दिवसा ऑफिस किंवा कारखाना, रात्री क्लास. निसीम तळघरातल्या खोलीत, पैशांच्या ओढाताणीत राहिले. १९५२ साली लंडनच्या फॉर्च्यून प्रेसनं त्यांचा पहिला कवितासंग्रह 'अ टाइम टू चेंज' काढला, आणि त्याच साली ते घरी परतले. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून मालवाहू जहाजाचा डेक घासत ते परत आले.

विद्वान लोक निसीमना भारतीय इंग्रजी आधुनिक कवितेचे आद्य कवी मानतात. १९६४ मध्ये ते लीड्स विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते. लंडनमध्ये डेक घासण्याची तयारी ठेवून परतलेला माणूस बारा वर्षांनी इंग्लंडच्याच विद्यापीठात शिकवायला आला. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'लॅटर-डे साम्स' या पुस्तकाला मिळाला. या पुस्तकात त्यांनी तेहिल्लीममधल्या काही स्तोत्रांना आपल्या काळातून उत्तर दिलं आहे. दावीद राजाशी वाद घालावा, शंका विचारावी, कुठे मान डोलवावी, असं त्याचं स्वरूप आहे. काही जुन्या वाचकांना हे धाडस खटकलं. पण यहुदी परंपरेत देवाशी भांडणं हेही भक्तीतच येतं. अब्राहाम सदोमसाठी देवाशी घासाघीस करतो, इयोब जाब विचारतो. निसीम तिथलेच.

आणि निसीम मराठीपासून तुटलेले होते असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा, १९७४ साली त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या मराठी कविता इंग्रजीत आणल्या. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत त्यांनी स्वतःच्या बालपणाचा आणि तेलबिया गाळणाऱ्या पूर्वजांचा उल्लेख केला आहे. शेवटी, जिथे जन्मलो तिथेच राहायचं, असा निश्चयही त्या कवितेत आहे. आपण मात्र इथे राहिलो. म्हणून ती कविता आपल्याला थोडी टोचते. टोचू द्यावी.

हगादातल्या साडीतल्या बायका

कला म्हटली की आपल्याला वाटतं, आपल्याकडे कुठली चित्रं? मूर्ती करायची नाही, चित्र पुजायचं नाही. पण आपल्या छापील हगादा पाहा. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछाप हगादा निघाली. नंतर १८७४ साली पुण्याला हिब्रू-मराठी हगादा छापली गेली. तिच्यात पेसाहच्या तयारीची चित्रं आहेत. बायका साड्या नेसून, जमिनीवर बसून मात्सा करत आहेत. युरोपातल्या हगादांची चित्रं पाहून कुणीतरी ती आपल्या घरासारखी काढली.

विद्वानांना या चित्रांचं फार कौतुक आहे, आणि कारण समजण्यासारखं आहे. मिसरमधून निघालेल्यांची कथा सांगताना चित्रकारानं आपल्याच ओसरीवरच्या बायका काढल्या. "प्रत्येक पिढीनं आपणच मिसरमधून निघालो असं समजावं," ही सेदरच्या रात्रीची शिकवण आहे. त्या चित्रानं ती शब्दांशिवाय सांगितली. धर्म परका नाही आणि साडीही परकी नाही, हे पुण्याच्या छापखान्यातल्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

इथेच आणखी एक माहिती. आपली जुनी मराठी पुस्तकं लंडनमध्ये कशी सापडतात? हिंदुस्थानात १८६७ साली छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा झाला. छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत, आणि त्यांतल्या निवडक इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयासाठी लंडनला येत. ब्रिटिश म्यूझियमही मराठी पुस्तकं जमवत असे. ब्लूमहार्ट नावाच्या अभ्यासकानं तिथल्या मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ साली प्रसिद्ध केली. आता हे दोन्ही संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंडिया ऑफिसचा संग्रह १९८२ साली तिथे आला. म्हणजे सेंट पँक्रस स्टेशनाशेजारच्या त्या लाल विटांच्या इमारतीत आपली मराठी शांतपणे बसलेली आहे. वाचक कार्ड काढून कुणालाही ती मागवता येते. वाचता येणारं माणूस मात्र सोबत हवं.

आपल्यावर लिहिणारे: काय घ्यावं, काय तपासावं

आता त्या विद्वानांकडे वळू ज्यांनी आपला समाज हाच अभ्यासाचा विषय केला. इंग्लंडमधून शिफ्रा स्ट्रिझोवर या मानववंशशास्त्रज्ञ बाई मुंबईत येऊन आपल्या लोकांत वावरल्या. 'द चिल्ड्रेन ऑफ इस्रायल' हे त्यांचं पुस्तक १९७१ साली ऑक्सफर्डच्या बेसिल ब्लॅकवेलनं काढलं. त्यांनी प्रार्थनालयांचा कारभार, लग्नं, आपसातले मानपान सगळं नोंदवलं. गोरे आणि काळे हा आपल्यातला जुना भेदही नोंदवला. वाचताना लाज वाटते. पण तो होता. आपण ज्यांच्यात राहिलो त्यांच्या जातिभेदाची हवा आपल्यालाही लागली होती. पुस्तकात छापलं म्हणून तो भेद झाला नाही, आणि छापलं नसतं म्हणून तो पुसला गेला नसता. नातवंडांनी विचारलं तर सरळ सांगावं.

दुसरा विषय उगमाचा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आपली परंपरा. केहिमकरांनी तो काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपास, अंतियोखस राजाच्या छळाच्या वेळचा धरला. दुसरे विद्वान कुणी त्याच्या आधीचा, कुणी त्याच्यानंतर कित्येक शतकांचा काळ धरतात. लेखी पुरावा मात्र मुख्यतः अठराव्या शतकापासूनचा. मुंबईतलं आपलं पहिलं प्रार्थनालय सामुएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं.

मग आला डीएनए. लंडनच्या सोआस या विद्यापीठातले ट्यूडर पार्फिट यांनी अशा तपासणीत पुढाकार घेतला. पार्फिट आणि युलिया एगोरोव्हा यांनी २००६ साली एक पुस्तक लिहिलं. एगोरोव्हाबाई पुढे डरहॅम विद्यापीठात शिकवू लागल्या. त्या पुस्तकात तपासणीच्या निकालापेक्षा मोठा प्रश्न होता: वर्तमानपत्रांनी त्या निकालाचं काय केलं आणि समाजानं तो कसा घेतला? २०१६ साली कॉर्नेल आणि तेल अवीवच्या शास्त्रज्ञांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की बेने इस्रायलांच्या पूर्वजांत यहुदी आणि भारतीय दोन्ही आहेत, आणि हे मिश्रण साधारण एकोणीस ते तेहेतीस पिढ्यांपूर्वी झालं.

हे ऐकून कुणी आनंदून म्हणतं, "पाहा, सिद्ध झालं!" कुणी नाराज होतं. दोघांनीही थोडं थांबावं. डीएनए रक्ताची नाती मोजतो. जहाज कुठल्या साली फुटलं हे तो सांगत नाही, कारण मिश्रणाचा काळ आणि आगमनाचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि शेमा कुणी, कसा जपला, हे तर कुठल्याच प्रयोगशाळेत दिसत नाही.

विद्वानांचे शब्द कागदावरच राहतात असंही नाही. १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये आपल्या लोकांच्या लग्नांबाबत तिथल्या रब्बींनी शंका काढल्या. आपली माणसं रस्त्यावर उतरली, धरणं धरली, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेनं आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत असं जाहीर केलं. "तुम्ही कोण?" या विद्वत्तेच्या प्रश्नावर त्या वेळी मुलामुलींची लग्नं अडली होती. म्हणून उगमाची चर्चा आपल्या पिढीला गंमत वाटत नाही. नातवंडांना आपला चढलेला आवाज कळत नाही, कारण ही हकिकत त्यांना कुणी सांगितलेली नसते.

आपल्या हातात काय आहे

आपले बगदादी शेजारी पाहा. मुंबईत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या डॉ. सारा मनाश्शे यांनी बगदाद, मुंबई आणि लंडन अशा प्रवासातली त्यांच्या समाजाची स्तोत्रं नोंदवून २०१२ साली पुस्तक काढलं. आपल्या घरांतली मराठी गाणी, हळदीची, पाळण्याची, एलियाहू हान्नाबीच्या मलिद्याच्या वेळची, ती इथल्या किती घरांत कुणी नोंदवून ठेवली आहेत? विद्वान येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

एक. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं, गाव आणि साल लिहा. शाईचं पेन वापरू नका, ती पुढच्या बाजूला उमटते.

दोन. जुनी तेफिला, हगादा, लग्नाचे केतुबा, पत्रं रद्दीत देऊ नका. मराठी कुणाला वाचता येत नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. केहिमकरांचं हस्तलिखित आठवा.

तीन. नातवंडांच्या फोनवर तुमचा आवाज रेकॉर्ड होऊ द्या. इंग्रजीत सांगायचा अट्टाहास नको. आधी मराठीत सांगा, मग अर्थ सांगा. मलिद्याच्या पोह्यांत तुमच्या घरी काय काय घालत, हेही सांगण्यासारखं आहे.

चार. एखादा विद्यार्थी मुलाखतीला आला तर घाबरू नका, पण विचारा: कुठलं विद्यापीठ, कशासाठी, माझं नाव येणार का? इथल्या विद्यापीठांच्या रीतीप्रमाणे त्यानं माहितीपत्रक आणि संमतीपत्र द्यायला हवं. ते घरच्यांकडून वाचून घ्या. नको वाटलं तर नाही म्हणा. मूळ कागद हातचे सोडू नका, त्यांचे फोटो काढू द्या. आणि लेख झाल्यावर प्रत मागा. लाजू नका, तो आपला हक्क आहे.

त्या रात्री नातीनं शेवटी विचारलं, "आजी, मग पुस्तक बरोबर की तू बरोबर?" मी म्हटलं, "पुस्तकातलं बहुतेक बरोबर आहे. लिहिणारीनं कष्ट घेतलेत. पण तिला माझी आजी भेटली नव्हती." मग तिनं स्वतःच्या वहीत अनाशी ढाकाचा अर्थ लिहून घेतला, आणि खाली माझ्या आजीचं नाव आणि गाव लिहिलं. आमच्या घरात आजीचं नाव कागदावर पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

तुमच्या घरात सणांची, पदार्थांची, नात्यांची जी जुनी नावं होती, ती आजच एका कागदावर उतरवून काढा. स्पेलिंगची चिंता नको. आपली मराठी आहे, आपल्याला वाचता येईल.